जास्त विकेट म्हणजे भारी बॉलर?

रणजी हंगाम संपला की कराडातही चहाच्या टपरीवर ‘यंदाचा सगळ्यात भारी बॉलर कोण?’ हा वाद रंगतो. त्यात फेकले जाणारे आकडे बहुधा बरोबर असतात. गंडतो तो निष्कर्ष.

गैरसमज : ज्याच्या विकेट जास्त, तो अव्वल.
वस्तुस्थिती : विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५च्या रणजी हंगामात ६९ बळी घेऊन बिहारच्या आशुतोष अमनचा २०१८-१९मधला ६८ बळींचा विक्रम मोडला. मात्र हर्षचे सामने १०, आशुतोषचे ८.

गैरसमज : मग सरासरी बघितली की झालं.
वस्तुस्थिती : एका बळीमागे हर्षने १६.९८ धावा दिल्या, आशुतोषने अवघ्या ६.४८. म्हणून आशुतोष अडीचपट सरस ठरत नाही. तो प्लेट गटात खेळत होता. समोर मिझोराम, सिक्कीम, अरुणाचल असे त्याच वर्षी रणजीत उतरलेले संघ होते. हर्षने एलिट गटातल्या आणि बाद फेरीतल्या संघांना गुंडाळलं.

खेळपट्टीही बघावी लागते. १९७२-७३च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. कामगिरी थोरच, पण त्या खेळपट्टीवर मुंबईचे डावही १५१ आणि ११३ धावांतच आटोपले होते.

गैरसमज : इकॉनॉमी कमी, तो बॉलर चांगला.
वस्तुस्थिती : सहा-आठ षटकांच्या टेनिस बॉल स्पर्धेत हे खरं, कारण तिथे वाचवलेली धाव लाखमोलाची. चार दिवसांच्या सामन्यात मात्र वीस बळी घेतल्याशिवाय निर्णायक विजय सहसा मिळत नाही. समजा, दोघांनी वीस-वीस षटकं टाकली. एकाने ५० धावांत १ बळी घेतला, दुसऱ्याने ७० धावांत ५. कर्णधार चेंडू दुसऱ्याच्याच हाती देणार.

गैरसमज : संघ जिंकतो म्हणजे त्याचा बॉलर भारी.
वस्तुस्थिती : अमेरिकी बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या नावावर विजय-पराभवही मांडतात. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमची २०१८ची नोंद होती १० विजय, ९ पराभव. वरवर पाहता बेताचीच. पण नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर सरासरी १.७० धावाच लागल्या होत्या. पाठीशी पुरेशा धावा नसल्याने विजय हुकले. परीक्षकांनी ते ओळखलं आणि नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार त्यालाच दिला.

तेव्हा तुलना करताना शक्यतो एकाच हंगामातले, एकाच गटातले बॉलर घ्या. बळींसोबत सामने, सरासरी, प्रतिस्पर्धी आणि खेळपट्टीही मांडा. वाद तरीही मिटणार नाही, पण मुद्द्याला धरून होईल.