आधी साचा, मग फायबर

१९६९ साली अमेरिकेतल्या क्रेग वेटर या तरुण डिझायनरच्या हाती बीएसए कंपनीची ‘रॉकेट थ्री’ मोटारसायकल आली. अमेरिकी गिऱ्हाइकाला भावेल असं रूप तिला द्यायचं होतं. वेटरने टाकी आणि बाजूची कव्हरं वेगळी ठेवलीच नाहीत. फायबरग्लासच्या एकाच वाहत्या कवचात दोन्ही सामावली. पेट्रोल मात्र आतल्या लोखंडी टाकीतच राहिलं. पुढे हीच गाडी ‘ट्रायम्फ एक्स-७५ हरिकेन’ या नावाने विक्रीला आली.

असा वळणदार आकार पत्र्यातून काढायचा तर महागडी डाय आणि प्रेस लागते. फायबरला साचा पुरतो. म्हणूनच जुन्या गाडीला कॅफे रेसर धाटणीच्या मोटारसायकलीसारखा सीटमागचा काउल, म्हणजे आवरण, हवा असेल, तर तो घराच्या अंगणातही घडवता येतो.

या कामातला सर्वाधिक वेळ फायबर लावण्यात जात नाही, तो मूळ आकार घडवण्यात जातो. गाडीच्या मागच्या चौकटीवर प्लास्टिक गुंडाळून फोमचे ठोकळे बसवायचे आणि सुरीने, कानशीने काउल कोरून काढायचा. इथे नवखा माणूस हमखास थर्माकोल आणतो. फायबर ज्यात भिजवतात त्या पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं आणि दोन दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत खड्ड्यात जाते. त्याऐवजी पॉलियुरेथेन फोम घ्यावा.

कोरलेल्या आकारावर लांबी (पुट्टी) भरायची आणि ८० नंबरच्या पॉलिशपेपरपासून ८०० पर्यंत चढत जायचं. हात फिरवल्यावर बोटाला जाणवणारा प्रत्येक उंचवटा साच्यात उतरतो आणि साच्यातून तयार काउलवर. मूर्तिकारांना हे सांगावं लागत नाही. फायबरच्या मूर्तीही अशाच साच्यातून निघतात.

गुळगुळीत आकारावर मेणाचे अनेक हात, त्यावर साचा सुटून यावा म्हणून पीव्हीएचा पातळ थर, मग जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत पहिला थर) आणि फायबर चढवला की साचा तयार होतो. आकार आत वळलेला असेल तर साचा अडकतो. तिथे तो दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडावा लागतो.

काउलसाठी हाच क्रम साच्याच्या आतून. काचेच्या तंतूंची चटई वजनावर मिळते. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चटईचे दोन थर दिले की साधारण दोन मिलिमीटर जाडी येते. चटईच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरतं. जास्त ओतलं म्हणून ताकद वाढत नाही. भाग जड आणि ठिसूळ होतो. ब्रशने थोपटून, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, कारण राहिलेला बुडबुडा उन्हात नाहीतर धक्क्याने फुटतो.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर एक ते दोन टक्केच लागतं, म्हणजे किलोमागे १० ते २० ग्रॅम. रेझिनमध्ये घट्ट होण्याला वेग देणारं कोबाल्ट आधी घालून नीट ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच. रेझिनच्या वाफेपासून बचावासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो; रुमाल बांधून भागत नाही.

टाकी मात्र फायबरची करू नये. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या पॉलिएस्टर रेझिनला मऊ करतं, त्याचे अंश कार्ब्युरेटरमध्ये उतरतात. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घालतं आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. त्यामुळे चौकटीला कापाकाप न करता मूळच्याच बोल्टांवर बसेल असा काउल घडवावा, तोही आरटीओत विचारून.

पहिला काउल हाती यायला बरेच आठवडे जातात. पण गाडी घसरून तो तडकला, तर माळ्यावरचा साचा उतरवायचा, पुसून मेण लावायचं; दुसरा काउल एका सुट्टीत तयार होतो.