लोणच्याच्या बरणीमागचे इंजेक्शन

परवा चुलत वहिनींकडे पाण्यासाठी फ्रिज उघडला, तर लोणच्याच्या बरणीमागे इंजेक्शनचे पेन दडवलेले. वजन उतरावे म्हणून डॉक्टरांनी दिलेले, आठवड्यातून एकदा घ्यायचे. मग दडवले का? "भाऊजी, जाऊबाई म्हणतील, खुरपायला जा, आपोआप उतरेल!"

या वहिनी पहाटेपासून राबतात. आळस म्हणायचा तरी कुठे? एकाच दावणीला, एकाच वैरणीवर दोन म्हशी. एक अंग धरते, दुसरीच्या बरगड्या मोजाव्यात. तिथे आपण जनावराचा पिंडच तसा म्हणतो. माणसाला मात्र खादाड ठरवून मोकळे.

औषधाचे नाव सेमाग्लुटाइड, मूळचे मधुमेहावरचे. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या एका संप्रेरकाची ते नक्कल करते आणि भूक मंदावते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांचे अडीच टक्केही नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत चढले. मळमळ, उलट्या होतात. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून डाळ, दूध, अंडी आणि अंगमेहनत सुटत नाहीच. डॉक्टरांना न विचारता दुकानातून परस्पर मात्र आणू नये.

वहिनींना म्हटले, पेन बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठले तर वाया जाईल. त्यांनी ते पुढच्या फळीवर ठेवले, जाऊबाईंच्या दह्याच्या भांड्याशेजारी.