दोन वर्षं अमेरिकेत पाऊल ठेवता येत नाही?

परवा एका प्राध्यापिकेचा फोन आला. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपचं पत्र हातात आलेलं, आणि बाई नकार कळवायच्या विचारात. "परत आल्यावर दोन वर्षं तिकडे पाऊलही ठेवता येत नाही म्हणे. बहीण न्यू जर्सीत आहे. दोन वर्षं भेटायचंच नाही का?"

ही समजूत मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. सांगणाऱ्याने नियम वाचलेला नसतो आणि ऐकणाऱ्याच्या हातची संधी जाते, याची मला मनापासून चीड येते. म्हणून नियम नीट पाहू.

अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम २१२(ई) मध्ये तो आहे. तो लागू असलेल्या जे-१ (अशा फेलोशिपसाठी मिळणाऱ्या) व्हिसाच्या धारकाला, मायदेशी एकूण दोन वर्षं राहून होईपर्यंत, मोजक्याच गोष्टी मिळत नाहीत: नोकरीचा एच व्हिसा, कंपनीतल्या बदलीचा एल व्हिसा, लग्न ठरलेल्यांचा के व्हिसा आणि ग्रीन कार्ड. शिवाय, एकदोन अपवाद सोडले तर, अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलून घेता येत नाही. बस, एवढंच. बहिणीकडे जायला पर्यटक व्हिसा मागता येतो, पीएचडीसाठी एफ-१ मागता येतो. इतर अर्जदारांना लागतात तेच निकष इथेही लागतात.

कायद्यात 'एकूण' दोन वर्षं म्हटलं आहे, सलग नव्हे. मध्ये महिनाभर बहिणीकडे जाऊन आलात, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही; तेवढे दिवस फक्त धरले जात नाहीत. मात्र जर्मनीत दोन वर्षं पोस्टडॉक केलंत, तर ते दिवसही धरले जात नाहीत.

मग 'पाऊल ठेवता येत नाही' हे आलं कुठून? बहुधा दोन नियमांची गल्लत होते. डीएस-२०१९ या कागदावर ज्यांचा प्रवर्ग 'रिसर्च स्कॉलर' किंवा 'प्रोफेसर' असतो, त्यांना कार्यक्रम संपल्यावर २४ महिने त्याच प्रवर्गांत पुन्हा जाता येत नाही. हा नियम वेगळा आहे, आणि त्यानेही अमेरिकेचं दार बंद होत नाही.

आता उलट टोकाची अफवा: 'भारतीयांना तो नियम लागूच नाही.' डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कौशल्ययादीतून, म्हणजे मायदेशाला हव्या असलेल्या कौशल्यांच्या देशवार यादीतून, भारताला वगळलं, हे खरं. पण ती यादी हे नियम लागू होण्याच्या तीन कारणांपैकी एकच कारण. सरकारी पैसा आणि डॉक्टरांचं वैद्यकीय प्रशिक्षण ही दोन कारणं कायम आहेत. फुलब्राइट-नेहरूचा खर्च २००८ च्या करारानुसार दोन्ही देशांची सरकारं उचलतात. तेव्हा नियम लागू होतो. 'माफी मिळतेच' या भरवशावरही जाऊ नका. सरकारी पैशावर गेलेल्यांना ती क्वचित मिळते. आपल्याला नियम लागतो का, याची शंका असेल तर परराष्ट्र खात्याकडून लेखी अभिप्राय मागवता येतो. व्हिसावरची किंवा डीएस-२०१९ वरची नोंद हा अंतिम शब्द नसतो.

आता छोट्या समजुती.

'दहा हजार डॉलरहून जास्त नेता येत नाहीत.' नेता येतात, पण अमेरिकेत उतरताना जाहीर करावे लागतात. रोख परकीय नोटांना मर्यादा आहे ती आपल्याकडची: साधारणपणे एका प्रवासाला ३,००० डॉलर. बाकीचे कार्डावर न्या.

'विमा आहे, दात तिकडेच दाखवू.' जे-१ साठी दर आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं विमाकवच सक्तीचं आहे. दातांची सक्ती नाही. दातांचं काम आणि चष्मा इथेच उरका.

'जोडीदाराला काम करता येत नाही.' जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्याला कामाचा परवाना मागता येतो. फक्त ती कमाई फेलोच्या खर्चासाठी असता कामा नये.

'तिकडे कमाई झाली नाही, म्हणजे कराचा कागद नाही.' फॉर्म ८८४३ भरावाच लागतो.

बाईंशी बोलता बोलता कळलं, की त्यांच्या यजमानांना कंपनी पुढच्या दोनेक वर्षांत एल व्हिसावर अमेरिकेला पाठवण्याची शक्यता आहे. ते जे-२ वर सोबत गेले, तर बाईंना लागणारी दोन वर्षांची अट त्यांनाही लागते आणि ती बदली अडते. जे-२ घेतलाच नाही, तर अट त्यांच्यापर्यंत येत नाही. घरात बसून ठरवायचा प्रश्न हा होता, आणि तो त्यांना कोणीच सांगितला नव्हता. बहिणीच्या भेटीची खोटी भीती मात्र दहा जणांनी घातली होती. नकाराचं पत्र लिहिण्याआधी नियम वाचा. निदान जी गोष्ट खरोखर अडणार आहे, तिच्याबद्दल तरी काळजी करता येईल.