भाड्याच्या घरातील फ्रीज

भाड्याने घर पाहायला गेलेले कुटुंब नळाला पाणी किती वेळ येते, स्थानक किंवा देरासर किती अंतरावर आहे, शेजार कसा आहे, वाहन कोठे उभे करता येईल, याची बारकाईने चौकशी करते. भिंतीला ओल आहे का, हे वडीलधारी मंडळी हात लावून पाहतात. स्वयंपाकघरातील फ्रीजचे दार मात्र क्वचितच कोणी उघडते. ‘फ्रीज, गीझर, मायक्रोवेव्ह, सर्व काही आहे’ असे दलालाने सांगितले की तो विषय संपतो आणि बोलणे अनामत रकमेकडे वळते. दार उघडले जाते ते सामान येऊन पडल्यावर, संध्याकाळी, दुधाची पिशवी हातात असताना.

व्यापारी घरांतील मुले-मुली आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळुरू येथे राहू लागली आहेत. पूर्वी अशा मुलांची सोय समाजाच्या वसतिगृहात किंवा एखाद्या नातलगाच्या घरी होत असे. आता दोघे-तिघे मिळून सामानासह घर भाड्याने घेतात. त्या सामानाबरोबर आधीच्या बिऱ्हाडाने मागे ठेवलेली घाणही येते, आणि तिचे काय करायचे याचे शिक्षण कोणत्याही घरात दिले जात नाही.

नगर जिल्ह्यातील एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलीला हिंजवडीजवळ नोकरी लागली. कार्यालयातील एका मैत्रिणीबरोबर तिने दोन खोल्यांचे घर घेतले. पहिल्याच संध्याकाळी फ्रीज उघडला, तेव्हा फ्रीजरमध्ये वीतभर बर्फ साचलेला होता. त्या बर्फात फाटक्या पिशव्या आणि तांबूस डाग गोठलेले होते. भाजीच्या डब्यात सडून पाणी झालेले काहीतरी होते आणि दाराच्या रबरात काळी बुरशी धरली होती. फ्रीजरमधील डाग मांसाचे आहेत, हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. वडिलांनी फोनवर सांगितले, “घर सोड, अनामत परत माग.” आई म्हणाली, “ते सगळे स्वयंपाकघरच आता वापरण्याजोगे राहिले नाही.” घरमालकांचे म्हणणे असे, की फ्रीज फुकट दिलेला आहे, नको असेल तर वापरू नका.

तिघांच्याही बोलण्यात काही तथ्य होते. पण अडचण त्यातून सुटत नव्हती.

प्रथम घरमालकांचे ‘फुकट’. सामानासह दिलेल्या घराचे भाडे रिकाम्या घरापेक्षा अधिक असते. तेव्हा फ्रीजचे भाडे त्यात आलेलेच असते. शिवाय करारनाम्याच्या यादीत ‘फ्रीज १’ अशी नोंद झाली की तो सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. जी वस्तू परत न दिल्यास अनामतीतून पैसे कापले जातील, तिला फुकट म्हणता येत नाही. खरी अडचण अशी की यादीत बहुधा वस्तूचे नाव आणि नग एवढेच लिहिलेले असते. स्थितीचा उल्लेख नसतो. गोदामातील माल तारण घेताना कोणतीही बँक नुसती पोती मोजून थांबत नाही. पोते उघडून मालाचा दर्जा पाहते आणि तो कागदावर घेते. घराचा ताबा घेतानाही तेवढीच काळजी हवी.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा परवानगीने राहण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज इतर राज्यांतून आलेला आहे. येथे मुदतीची अशी सवलत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते आणि घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी व्हायचीच आहे, तर यादीत वस्तूंची स्थिती लिहून घेणे दोन ओळींचे काम आहे. मात्र दुरुस्तीचा सर्व भार कायदा घरमालकावर टाकतो, असे समजू नये. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याचे परिशिष्ट पाहिले, तर गीझरची दुरुस्ती, स्वयंपाकघरातील जोडण्यांची दुरुस्ती आणि विजेच्या उपकरणांची दुरुस्ती ही, वेगळे ठरले नसल्यास, भाडेकरूच्या बाजूला टाकलेली आढळते. हा आदर्श कायदा राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. पण वारा कोणत्या दिशेचा आहे, हे त्यावरून कळते. जे ठरवायचे, ते लेखी ठरवावे.

त्या मुलीने एक गोष्ट फार चांगली केली. कशालाही हात लावण्यापूर्वी तिने फ्रीजची आतून-बाहेरून आठ-दहा छायाचित्रे काढली आणि त्याच रात्री घरमालकांना पाठवली. सोबत चारच ओळी लिहिल्या: ताबा घेतला त्या दिवशी फ्रीज या स्थितीत मिळाला, दाराचे रबर आणि भाजीचा डबा आपण बदलून द्यावा, स्वच्छता आम्ही करतो, तसे न जमल्यास फ्रीज उचलून न्यावा आणि यादीतून कमी करावा. भाषेत राग नव्हता, मागणी नेमकी होती. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी रबर आणि डब्याचा खर्च मान्य केला. वडिलांच्या सल्ल्याने घर सोडले असते, तर दलाली गेली असती, मुदतीपूर्वी सोडल्याबद्दल कराराप्रमाणे एका महिन्याचे भाडेही गेले असते, आणि पुढच्या घरातील फ्रीज कसा निघेल हे कोणाला ठाऊक होते?

राहिला आईचा प्रश्न, आणि तोच सर्वांत खोल होता. ज्यात मांस ठेवले गेले, त्यात आपले दूध कसे ठेवायचे? या भावनेची कोणी थट्टा करू नये. परंतु आहार आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समाजातील अनेक घरांत त्यांची गल्लत होते. आधीच्या माणसांनी काय खाल्ले, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी फ्रीज न धुता सोडला, हा मात्र त्यांचा दोष. नुसते दूध-भाजी ठेवणाऱ्या घरातील फ्रीजही महिनाभर बंद अवस्थेत दार लावून ठेवला, तर तितकाच उग्र वास मारतो. पर्युषणात गावी गेलेल्या कित्येक कुटुंबांनी परत आल्यावर तो अनुभव घेतलेला असतो. आणखी असे, की थंडीने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. बहुतेकांची वाढ तेवढी मंदावते, आणि लिस्टेरियासारखे काही जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतात. म्हणून प्रश्न कोणी काय ठेवले होते एवढ्यापुरता राहत नाही. कोणता पृष्ठभाग धुऊन शुद्ध होतो आणि कोणता होत नाही, हे पाहावे लागते. जुन्या बायकांना धातू आणि मातीच्या भांड्यांतील हा फरक पक्का ठाऊक होता.

काच, पोलाद आणि फ्रीजच्या आतील गुळगुळीत कठीण प्लास्टिक व्यवस्थित धुतले जाते. दाराचे रबर घड्यांचे असते. बुरशी त्यात मुरली की ते बदलणेच शहाणपणाचे. ओरखडे पडलेले प्लास्टिकचे डबे आणि बर्फाचे ट्रे वास व रंग धरून ठेवतात, तेही काढून टाकावेत. या तीन वस्तू नव्या आल्या की अन्नाशी जवळून संबंध येणारा फ्रीजचा बराचसा भाग नवा झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

धुण्याचे काम घाईचे नाही. फ्रीजची वायर काढून दार उघडे ठेवावे आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. खाली जुनी चादर पसरावी. सुरी किंवा उलथन्याने बर्फ खरवडू नये. साध्या एकदारी फ्रीजमध्ये फ्रीजरच्या भिंतीतूनच वायूच्या नळ्या गेलेल्या असतात. एक छिद्र पडले की वायू निघून जातो, फ्रीज निकामी होतो आणि अनामतीचा वाद नव्याने सुरू होतो. काचेची फळी गार असताना तिच्यावर गरम पाणी ओतू नये, ती तडकते. आतील भाग आधी साबणाच्या पाण्याने पुसावा, मग एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने, आणि शेवटी साध्या पाण्याने. मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी निचरण्याचे लहान छिद्र असते, ते तुंबलेले असते. फ्रीजच्या पाठीमागे, कॉम्प्रेसरवर, पाणी साचणारा ट्रे असतो. आत सर्व धुऊनही वास का जात नाही, याचे उत्तर बहुधा याच ट्रेमध्ये सापडते, आणि वर्षानुवर्षे तो कोणी पाहिलेला नसतो.

यानंतर दार उघडे ठेवून दोन-तीन दिवस कोरडे होऊ द्यावे. मग चुरगळलेली वर्तमानपत्रे किंवा वाटीभर लाकडी कोळसा आत ठेवून दार लावावे. वास तरीही राहिला, तर तो भिंतींमधील उष्णतारोधक थरात शिरलेला असतो. त्यावर कोणताही घरगुती उपाय चालत नाही आणि तो फ्रीज परत करणेच योग्य. एक सूचना ठळकपणे सांगितली पाहिजे. वास जाईना म्हणून ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल किंवा अमोनिया असलेले द्रव मिसळण्याचा प्रकार घडतो. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

कॉम्प्रेसरच्या उबेला झुरळे राहतात. जैन घरापुढे हा वेगळाच पेच असतो. एका अंडकोशातून तीस-चाळीस पिल्ले निघतात, हे लक्षात घेतले तर जयणा म्हणजे आधीची स्वच्छता, हे पटते. वस्ती वाढल्यावर फवारणी टाळणे कोणाच्याच हातात राहत नाही. फ्रीज बाल्कनीत ओढून, मागचा भाग मऊ ब्रशने झाडून, ट्रे कोरडा करून, अन्नाचा कण राहू न देणे, हा सौम्य मार्ग आहे. वस्ती फार असेल तर ती वस्तू स्वीकारूच नये.

मायक्रोवेव्हचे काम सोपे. भांड्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून तीन-चार मिनिटे तापवले, वाफ आत कोंडू दिली, की चिकटलेले डाग फडक्याने निघतात. आतील रंग उडून गंज दिसत असल्यास तो वापरू नये, आणि कोणत्याही कारणाने त्याचे बाहेरचे कवच उघडू नये; वायर काढलेली असली तरी आतील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहतो. चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवाव्यात; जाळी अ‍ॅल्युमिनियमची असल्यास सोडा टाळून भांड्याचा साबण घ्यावा, नाही तर ती काळी पडते.

हे सारे काम कामवाल्या मावशींवर ढकलण्याचा मोह होतो. परक्यांच्या सडलेल्या अन्नाची घाण काढणे हे रोजच्या भांडी-फरशीत मोडत नाही. त्यांना द्यायचेच असेल, तर हातमोजे आणि वेगळी मजुरी देऊन द्यावे.

हिंजवडीच्या घरात दोघी मैत्रिणींनीच रविवार घालवला. मैत्रीण मांसाहारी कुटुंबातील. तरीही बर्फातील पिशव्या तिने स्वतः काढल्या आणि वरचे दोन कप्पे हिच्यासाठी सोडले. पाचव्या दिवशी मुख्य कप्प्यातील वास गेला. फ्रीजरमध्ये मात्र किंचित राहिला, म्हणून तो रिकामाच ठेवला जातो. आई भेटीला आली की दूध तापवून बाहेरच ठेवते आणि त्यावर कोणी काही बोलत नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजू व्यापारी कुटुंबांना अधिक जवळची आहे. पुण्यात, नाशिकमध्ये गुंतवणूक म्हणून घेतलेल्या सदनिका भाड्याने देणारी कुटुंबे समाजात कमी नाहीत. घरात नवा फ्रीज आला की जुना तिकडे पाठवायचा, ही पद्धत सर्रास आहे. जो आपल्या चुलीजवळ नको झाला, तो दुसऱ्याच्या गळ्यात, आणि वर यादीत त्याची नोंद! दोन भाडेकरूंच्या मधल्या आठवड्यात उपकरणे धुऊन घेण्याचा खर्च भाड्याच्या मानाने नगण्य असतो. तो न करता पुढच्या भाडेकरूकडून पूर्ण नव्या फ्रीजची किंमत कापणे हा हिशेबही चुकीचा आहे. समजा फ्रीज २४,००० रुपयांना घेतला होता. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा घटत्या किमतीवर धरतात. ती फूटपट्टी लावली, तर सहा वर्षांनंतर त्याची किंमत ९,००० रुपयांच्या आसपास उरते. दुकानाच्या खात्यात घसारा न चुकता लिहिणारा माणूस घरमालक म्हणून मात्र तो विसरतो.

घर सोडतानाही ताबा घेतानाइतकाच क्रम पाळावा: फ्रीज रिकामा करून, धुऊन, कोरडा करावा, वायर काढावी आणि दार पूर्ण न लावता फटीत घडी केलेले फडके अडकवून ठेवावे, म्हणजे बुरशी धरत नाही. त्या स्थितीतील छायाचित्रे आणि वीजमीटरचे वाचन किल्ल्या देण्याच्या दिवशीच घरमालकांना पाठवावे आणि अनामत परत मिळाल्याची नोंद होईपर्यंत जपून ठेवावे.