गाण्याआधीचे स्वर

पुण्यात पाषाणला असलेल्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत राघव राजन यांच्या प्रयोगशाळेत झेब्रा फिंच गातात. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या या चिमुकल्या पक्ष्यांच्या गाण्यातून इथले पीएचडीचे विद्यार्थी एक अवघड प्रश्न सोडवू पाहतात: मेंदू हालचाल सुरू कशी करतो?

गाणं ही हालचालच आहे. श्वासाचे आणि कंठाचे स्नायू क्षणाच्या अंशात एकमेकांशी जुळावे लागतात. नर पिल्लू मोठ्या नराचं ऐकून, चुकत-सुधारत गाणं शिकतं. सुमारे तीन महिन्यांत ते पक्कं झालं की जन्मभर फारसं बदलत नाही. त्यामुळे तीच हालचाल हजारो वेळा मोजता येते.

या गाण्याआधी पक्षी एक छोटा स्वर पुन्हा पुन्हा काढतो. राजन आणि ॲलिसन डूप यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की हे स्वर हळूहळू जलद होत एका ठराविक रूपाकडे सरकतात, आणि मेंदूतल्या, गाण्याचं नियंत्रण करणाऱ्या ‘एचव्हीसी’ भागातल्या पेशींची सक्रियताही तशीच सरकते. गोलंदाजाच्या रनअपसारखी ही तयारी असावी. पक्ष्याला ऐकू येईनासं झालं तरी हे स्वर टिकतात, असं पुढच्या कामात दिसलं. म्हणजे तयारीची मुळं मेंदूच्या आतच शोधायला हवीत.

पार्किन्सनच्या रुग्णाला अनेकदा पहिलं पाऊल उचलणंच जड जातं. म्हणूनच हालचालीच्या सुरुवातीचा हा प्रश्न पिंजऱ्यापुरता राहत नाही.

वाटा आणखीही आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आदित्य मूर्ती नजर आणि हात यांच्या हालचालींचं नियोजन अभ्यासतात; तिथल्याच ‘एनसीबीएस’ या जीवविज्ञान संस्थेत वत्सला थिरुमलाई झेब्राफिश माशाच्या पोहण्यातून लहान मेंदूचं (सेरेबेलमचं) काम उलगडतात; आयआयटी गांधीनगरमध्ये प्रतीक मुथा माणसाचा हात नवी हालचाल कशी शिकतो ते पाहतात.

पीएचडीचा दरवाजा साधारणपणे नेट-जेआरएफ किंवा गेटसारखी परीक्षा आणि मुलाखत यांतून उघडतो. पदवीनंतर थेट येणाऱ्यांसाठी आयसरमध्ये एकात्मिक पीएचडीही आहे. जीवशास्त्राइतकंच इथे गणित, प्रोग्रॅमिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स कामाला येतं. भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी मेंदूविज्ञान आपलं नाही असं मुळीच समजू नये. हालचालीचं कोडं त्यांच्याशिवाय सुटणार नाही.