अर्धवेळ सीटीओ नेमताना

१ एप्रिल २०२५पासून लघुउद्योगाची कमाल मर्यादा १०० कोटी रुपये उलाढाल आणि २५ कोटी गुंतवणूक अशी झाली. एवढ्या पसाऱ्यातही पूर्णवेळ मुख्य तंत्रज्ञान अधिकारी, म्हणजे सीटीओ, सगळ्यांना परवडतोच असे नाही. मग आठवड्यातून एक-दोन दिवस येणारा अनुभवी माणूस शोधला जातो.

कायद्याची आडकाठी नाही. कंपनी कायदा, २०१३च्या कलम २०३मध्ये पूर्णवेळ नेमायलाच हव्यात अशा पदांत सीटीओ नाही.

खरी मेख करारात आहे. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा स्वामित्वहक्क सहसा कंपनीचा असतो. बाहेरच्या सल्लागाराने लिहिलेल्याचा मात्र, कॉपीराइट कायदा, १९५७नुसार, सहसा त्याचाच राहतो. तो कंपनीकडे यायचा तर हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नाही, तर ते फक्त ५ वर्षांचे धरले जाते! मालकांनी ही ओळ वकिलाकडून आवर्जून तपासून घ्यावी.

सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावे, असा एप्रिल २०२२चा आदेश आहे. सीटीओ त्या दिवशी दुसऱ्या कंपनीत असेल, तर कळवायचे कोणी, हे करारातच ठरवलेले बरे.