ब्राझीलचा ऊस आणि करकंबचा ऊस



जगाच्या बाजाराचा आणि आपल्या करकंबचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो संबंध उसाच्या कांडीत आहे. परदेशांना सर्वांत जास्त साखर विकतो तो ब्राझील. तिथले कारखाने एकाच रसाची साखर करतात, नाहीतर मोटारीत जाळायचे इथेनॉल. खनिज तेल महागले की इथेनॉल परवडते, साखर कमी निघते आणि जगात तिचा भाव चढतो. तेल उतरले की उलटे.

पण चढलेला भाव आपल्या रानापर्यंत पोचतोच असे नाही. २०२१-२२ च्या हंगामात देशाने सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली. २०२३ साली पाऊस कमी पडला. घरची साखर महागू नये म्हणून सरकारने निर्यात रोखून धरली. डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यावरही बंधन आले. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, कारखान्याचे हात बांधले गेले. आणि साखर अडली की उसाचे बिल लांबते, हे तुम्हांला सांगायला नको.

म्हणून लागणीआधी तीन गोष्टी पाहा: तेलाचा भाव, दिल्लीचे निर्यातधोरण आणि उजनीतले पाणी. तिन्ही अनुकूल दिसल्या तरी सोसायटीचे सारे कर्ज एका पिकाच्या भरवशावर काढू नका. ऊस वर्षभर रानात उभा असतो. तेवढ्यात बाजार दोनदा फिरतो. गुरुजींनी या तीन गोष्टी दर शनिवारी फळ्यावर लिहाव्यात. पोरे घरी जाऊन सांगतील.